चावी काढली तरी इंजिन चालूच?

कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या जुन्या पेट्रोल व्हॅन आपल्यातील काहींकडे अजून आहेत. चावी बंद केल्यावरही इंजिन फटफटत राहिले की काही कारागीर लगेच इंजिन खोलायला सांगतात. हे योग्य नाही. ठिणगी थांबली, तरी आत तापलेला कार्बन कार्बोरेटरमधून ओढले जाणारे पेट्रोल पेटवत राहतो. म्हणून आधी वाढलेले आयडलिंग कमी करावे. टायमिंग, प्लगचा नंबर व रेडिएटर तपासावा. रॉकेलमिश्रित पेट्रोल टाळावे. एवढ्याने भागले नाही तरच हेड उतरवून कार्बन काढावा. तोवर चावी बंद करताच ब्रेक दाबून, टॉप गिअरमध्ये क्लच सोडावा, इंजिन थांबते. गिऱ्हाइकाचा पैसा अमानत आहे. स्वस्त इलाज आधी सांगणाऱ्या कारागिराच्याच धंद्यात बरकत राहते.