दिवाणखान्यात यंत्राची स्थापना

पुणेकराच्या घरात कोणतीही नवी वस्तू दिवाणखान्यापर्यंत सुखासुखी पोहोचत नाही. ज्या काळी रेडिओसाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, त्या काळी तो कोणत्या फळीवर ठेवावा यावरून घरोघर जाबसाल झाले; आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरचित्रवाणी केंद्राचे चित्र शहरात उतरू लागले, तेव्हा या पेटीने मुलांच्या अभ्यासाचे वाटोळे होणार असा निर्वाळा देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच पुढे तिच्यासमोरची आरामखुर्ची कायमची ताब्यात घेतली. त्यामुळे खेळांसाठी एक समर्थ संगणक घ्यावा, असा आमच्या चिरंजीवांचा अर्ज दाखल झाला, तेव्हा तो एकदम नामंजूर करण्याचा मोह मी टाळला. अर्ज मूळचा त्याच्या स्वतःच्या खोलीसाठी होता. तेवढे शब्द खोडून मी 'दिवाणखान्यासाठी' असा शेरा मारला. बंद दाराआड खेळणाऱ्याला नुसता खेळ मिळतो; चारचौघांत खेळणाऱ्याला प्रेक्षक, पंच, टीकाकार आणि प्रसंगी चहाही मिळतो, असे माझे मत आहे आणि ते बदलण्याजोगे काही अद्याप घडलेले नाही.

परंतु या एका शेऱ्याने यंत्राची सारी कुंडलीच बदलते, हे तपकीर गल्लीत गेल्यावर ध्यानात आले. बुधवार पेठेतल्या या चिंचोळ्या बाजारात तारांची भेंडोळी, दिव्यांच्या माळा आणि पंखे यांच्या गर्दीतून वाट काढीत मुलगा पुढे आणि मी मागे, असे एका दुकानात पोहोचलो, आणि तेथील तरुण विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नसून अंतराचा होता: "काका, पडद्यापासून किती लांब बसणार?" हा प्रश्न मला फार मार्मिक वाटला. टेबलाशी बसणाऱ्याच्या नाकासमोर पडदा असतो, त्याला प्रत्येक ठिपका दिसतो. सोफ्यावर आठ-दहा फुटांवर रेलणाऱ्याला तो दिसत नाही. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, म्हणजे साध्या फुल-एचडीच्या नेमके चौपट, आणि ते सारे सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे तर ग्राफिक कार्डावर लाख रुपये उधळले तरी थोडेच. उलट, कार्डाने चित्र मध्यम आकारात रंगवावे आणि पुढचे विस्तारीकरण आज्ञावलीकडे सोपवावे, तर निम्म्याहून कमी खर्चात सोफ्यावरच्या डोळ्याचे पूर्ण समाधान होते. तेव्हा मधल्या प्रतीचे कार्ड ठरले.

मधल्या प्रतीचे म्हणतो खरा, पण त्याच्या खोक्यावरचा आकडा वाचून मी क्षणभर स्तब्ध झालो. अमेरिकेने महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ मध्ये याच शहरात 'सी-डॅक'ची स्थापना झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. त्याची झेप सेकंदाला सुमारे शंभर कोटी गणितांची होती आणि तिचा अभिमान आम्ही वर्षानुवर्षे बाळगला. हे कार्ड सेकंदाला वीस लाख कोटींच्या वर गणिते करते. दोन्हींतल्या गणितांची जात वेगळी, म्हणून तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य. तरीही ज्या सामर्थ्यासाठी एके काळी राष्ट्राला दुसऱ्या राष्ट्राच्या दारी जावे लागले, ते पिशवीत घालून आपण रिक्षाने घरी नेत आहोत, आणि तेही राक्षस मारण्याकरिता, या विचाराने मनात अभिमान अधिक की संकोच अधिक, याचा निवाडा अजून व्हायचा आहे.

खर्चाच्या फर्दीवर खरा घाला घातला तो रॅमने. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांना या चिपांची इतकी भूक लागली आहे की मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' या नावाने चालणारा आपला घरगुती ग्राहकांचा व्यवहारच गुंडाळण्याचे जाहीर केले. जगातल्या मेमरीचा बहुतांश पुरवठा तीन कंपन्यांच्या हाती असताना त्यांतली एक किरकोळ बाजाराकडे पाठ फिरवते, तेव्हा बुधवार पेठेतला भाव तिच्या मर्जीने हलतो. विक्रेत्याने "आज घ्या, उद्याचं सांगता येत नाही" असे म्हटले. हे वाक्य पुण्यात मी सोन्याच्या दुकानातही ऐकले आहे. सोळा जीबीची एकच पट्टी घेतली आणि शेजारची खाच रिकामी ठेवली.

घरी आल्यावर जोडणीपेक्षा जागेचाच प्रश्न अधिक बिकट ठरला. काचेच्या शोकेसमध्ये यंत्र ठेवावे, म्हणजे ते दिसणार नाही, हा सौभाग्यवतींचा आग्रह. पण खेळ ऐन रंगात असताना तीनशे वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकणारी पेटी काचेआड कोंडली, तर एप्रिलात तिचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. अखेर पुढून जाळी असलेले कॅबिनेट भिंतीपासून वीतभर अंतर राखून उघड्यावर ठेवले. पंखे मोठे घेतले, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो आणि कमी कुरकुरतो. संध्याकाळी त्याच खोलीत आईचे नाट्यसंगीत चालते, आणि त्यात अन्य कोणाचा सूर मिसळलेला तिला खपत नाही.

ज्याविषयी मी वाचकांना मुद्दाम सावध करीन ती गोष्ट मात्र अर्थिंगची. यंत्र सुरू झाले, आणि अनवाणी पायांनी कॅबिनेटला बोट लावताच झिणझिण्या आल्या. यंत्र सदोष नव्हते. संगणकाच्या एसएमपीएसमधील (वीजपुरवठ्याच्या पेटीतील) गाळणीतून विजेचा अत्यल्प अंश नेहमीच बाहेरच्या पत्र्याकडे झिरपतो आणि तिसऱ्या पिनेतून त्याने निमूटपणे जमिनीत जावे अशी योजना असते. आमच्या जुन्या इमारतीत त्या पिनेचे भोक तेवढे होते, त्यामागे तारच नव्हती. अशा वेळी पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्म्याएवढा दाब तरंगत राहतो, आणि त्या स्थितीत एचडीएमआयची केबल जोडू गेल्यास टीव्हीचे पोर्ट कायमचे मुके होण्याचा संभव असतो. वायरमनने टेस्टर लावला, तो मंद पेटला. मग मीटरपाशी असलेल्या भूतारेपासून त्याने स्वतंत्र वायर ओढून दिली. मध्यंतरी यंत्र बंद होते, आणि घरात विलक्षण शांतता होती.

उरलेले सोपस्कार किरकोळ. केबल मदरबोर्डाला न जोडता कार्डाला जोडावी. टीव्हीतला 'गेम मोड' चालू करावा, नाही तर चित्र सुशोभित करण्याच्या नादात तो बटण दाबल्यानंतर बऱ्याच उशिराने ते दाखवतो. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याची वहिवाट या शहरात असल्याने, यंत्र रीतसर बंद करता येईल एवढा लहानसा यूपीएस ठेवावा.

पहिले काही दिवस मोटारींच्या शर्यती झाल्या. त्यांत कोणालाच गोडी वाटली नाही. नंतर मुलाने 'राजी' लावला. पुण्याच्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने रचलेला हा खेळ. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही त्यांनी तो तडीस नेला, २०२० मध्ये तो प्रकाशित झाला, आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळाले. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्या कथेवर आपसांत भाष्य करतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून सांगितले जातात. आईने नाट्यसंगीत बाजूला ठेवले ते तेथे. दुर्गेचा त्रिशूळ तिने निःशंक मान्य केला, परंतु "हा महाबलासुर कोणत्या पुराणातला रे?" अशी पृच्छा करून, भांडारकर संस्थेने महाभारताच्या पाठभेदांची जी छाननी केली तिला शोभेल अशा चिकाटीने, ती दुसऱ्या दिवशी पोथ्या काढून बसली. हा खेळ हातातल्या निन्टेंडो स्विचवरही चालतो, म्हणजे आमच्या नव्या यंत्राच्या बळाचा लहानसा अंशही त्याला पुरतो, ही गोष्ट मी हिशेबाच्या वहीत नोंदवली आहे. मुलाला ती दाखवलेली नाही. त्याचा रिकाम्या खाचेसाठी आणखी एका पट्टीचा अर्ज आला आहे, आणि त्यावर आजीची शिफारसही आहे.