फळ्यावरचें दिसत नाहीं, तो 'ढ' नव्हे!

फळ्यावरील अक्षर पोरास दिसत नाहीं, आणि मास्तर त्यास 'ढ' ठरवून मागल्या बाकावर बसवितो! म्हणजे आधींच दिसेना, त्यांत आणखी दहा हात लांब. कुणब्या-सुतारांचीं कित्येक पोरें अशींच शाळा सोडून गुरांमागें गेलीं. वीस फुटांवर तक्ता टांगून, एकेक डोळा झांकून अक्षरें वाचवून घ्यावीं, एवढें कोणत्याहि मास्तरास जमतें. एक डोळा मंद असेल तर सातआठ वर्षांच्या आंत इलाज झालेला बरा. मागाहून चष्म्यानेंहि तो बहुधा सुधारत नाहीं. १९७६ पासून सरकारचें अंधत्व-निवारणाचें काम चालू आहे, त्यांत गरीब विद्यार्थ्यास चष्मा फुकट मिळतो. ही भीक नव्हे, बंधूंनो. तुमच्याच पट्टीचा पैसा! आणि लग्नाच्या भीतीनें मुलीचा चष्मा पेटींत ठेवणाऱ्या आईबापांस काय म्हणावें? शाळा उघडतांच मास्तरास विचारा, तक्ता कधीं टांगणार?