सहीपुरती लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू वाहायचे, पण त्या वहीत घरच्या लक्ष्मीचे नाव कुठे आहे हे विचारायचे नाही, अशी आपली जुनी रीत आहे. सणासुदीला असले विषय काढू नयेत म्हणतात. मी तो मुद्दाम आजच काढते आहे.

मी वेळणेश्वरची सून. आमच्याकडे अनेक घरांतला कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. नारळी-पोफळी शिंपणे, भात लावणे, आमसुले वाळवणे, गड्यांची मजुरी चुकवणे, सारे बाईच्या अंगावर. सातबाऱ्यावर मात्र सासरे आणि दीर! साहजिकच गावच्या सोसायटीचा भाग पुरुषाच्या नावे. महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा सांगतो की, भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. आणि ते त्याने स्वतः द्यावे, दुसऱ्यामार्फत नव्हे. नियम उत्तम! पण परिणाम पाहा : मत असणारा मुंबईत, आणि जिच्या घामावर बाग उभी आहे तिला सभेत हात वर करण्याचाही अधिकार नाही.

"अहो, दोन राखीव जागा दिल्या की!" असे उत्तर येते. दिल्या खऱ्या. ९७ व्या घटनादुरुस्तीपाठोपाठ २०१३ मध्ये राज्याचा कायदा बदलला आणि संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा आल्या. पण जिथे बायका मुळात सभासदच नाहीत, तिथे या जागा भरतात कशा? कुणाच्या तरी पत्नीच्या नावे घाईने एक भाग काढायचा, अर्ज भरायचा आणि ठरावावर सही घ्यायची. वर पुन्हा तक्रार, की बाई सभेत बोलत नाही! बोलेल कशी? तिला निवडून देणाऱ्या बायका समोर बसल्यात कुठे?

हिशेब बायकांना जमत नाही, हा दुसरा आक्षेप. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. नोंदणीने ती सहकारी सोसायटी नव्हे. पण पापड लाटणारी प्रत्येक भगिनी तिथे मालकीण आहे. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचे ठरवले, तेव्हा बायका निरक्षर म्हणून परवाना नाकारला गेला. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, तोंडी व्याज काढून दाखवू म्हणाल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. दोन्हीकडे बाई आधी मालकीण झाली, मग पुढारी. आपण उलटे करतो. खुर्ची आधी देतो, मालकी कधीच नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. जी शेत कसते तिला सोसायटीने सभासद करून घ्यावे. आणि घरच्यांनी सातबाऱ्यावर तिचे नाव लावावे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा असंख्य शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन केली. त्यांचे काही बुडाले नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण भाऊबीजेचे ताट पुढे करून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ अजून आहेत.

वाचकहो, उद्या पाडवा. बायको ओवाळील तेव्हा तबकात साडीचे पैसे खुशाल टाका. पण सोबत सोसायटीच्या सभासदत्वाचा एक अर्जही ठेवा. त्यावरची सही मात्र तिची तिला, वाचून, करू द्या.