वॉकीटॉकी आपली, वायर दुकानदाराची!

कापडाच्या गोदामात, शादी हॉलच्या फाटकावर, इज्तेमाच्या पार्किंगमध्ये स्वयंसेवकांच्या हाती वॉकीटॉकी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. नंबर लावायला नको, दर बोलण्याला पैसा नको. व्यापाऱ्याला ती आवडते यात गैर काही नाही. आमची तक्रार संचाबद्दल नाही, त्यात चॅनेल भरणाऱ्या वायरीबद्दल आहे.

संच घेताना आमचे बांधव बॅटरी पाहतात, रेंज विचारतात, भाव पाडून घेतात. वायर कोणी मागत नाही. मग चॅनेल बदलायचा झाला की पुन्हा त्याच दुकानाची पायरी. दुकानदाराने मेहनताना जरूर घ्यावा. पण आपल्या संचात कोणती फ्रिक्वेन्सी भरली आहे हे मालकालाच ठाऊक नसावे, ही कसली तिजारत?

ही वायर म्हणजे साधी तार नव्हे. जुन्या संगणकाच्या सिरीयल पोर्टवर बारा व्होल्टच्या आसपास अधिक-उणे दाब असे, संचाला पाच किंवा त्याहून कमी लागे. म्हणून मोटोरोलाच्या जुन्या संचांना मध्ये एक वेगळी पेटी लावावी लागे. आता यूएसबी वायरीच्या टोकातच छोटी चिप असते. केनवूड पद्धतीची अडीच आणि साडेतीन मिलिमीटरची दोन पिनांची जोडी बाओफेंगसारख्या चिनी संचांनाही बसते. खोट आहे ती चिपमध्ये. बाजारातल्या स्वस्त वायरींत प्रॉलिफिक चिपची नक्कल सर्रास सापडते आणि कंपनीचा नवा ड्रायव्हर ती ओळखून कामच नाकारतो. एफटीडीआय कंपनीने तर २०१४ मध्ये असा ड्रायव्हर सोडला की नकली चिपा संगणकाला दिसेनाशा झाल्या. एका गिरणीच्या मालावर दुसरीचा शिक्का आम्हा कापडवाल्यांना नवा नाही. पण इथे नकलेची सजा बनवणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला झाली.

आता कायद्याचे. बिनतारी संचावर परवान्याचे बंधन आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून आले. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. मात्र जादा शक्तीचा चिनी संच वायर लावून ४४६ वर आणला म्हणजे तो माफ झाला असे नाही. त्याची शक्ती आणि सरकारी मंजुरीही पाहिली जाते. फ्रिक्वेन्सी, परवाना आणि मंजुरीची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना १३ नोटिसा काढल्या होत्या. तपासणीत संच सापडला तर "दुकानदाराने भरून दिले" या उत्तराने सुटका होत नाही. आमच्या मोहल्ल्यात अशी गोष्ट किती लांब जाते, हे वाचकांना सांगायला नको.

तेव्हा बिलावर संचाचे मॉडेल, मंजुरीचा क्रमांक आणि भरलेली फ्रिक्वेन्सी लिहून घ्यावी. वायर आणि भरलेल्या चॅनेलांची फाइल संचासोबतच मागावी. चर्प नावाचे मोफत सॉफ्टवेअर अनेक संचांना चालते. आधी संचातले वाचून जपून ठेवायचे, मगच नवे लिहायचे. बाजारपेठेच्या संघटनेने अस्सल चिपच्या दोन-तीन वायरी घेऊन आयटीआय झालेल्या एखाद्या मुलाच्या हाती दिल्या, तर सगळ्या पेठेचे काम भागेल आणि त्या मुलाची रोजीही निघेल.