काढले तितके बसले का?

मोटारीच्या दाराला आतून लावलेले आवरण केवळ शोभेचे नसते. स्पीकर बदलताना, काच वर-खाली करणारी मोटर दुरुस्त करताना ते उतरवावे लागते. उतरवणे फारसे अवघड नाही. खरी परीक्षा ते पुन्हा बसवताना होते.

दाराचे पॅनेल बहुधा दोन-चार स्क्रू आणि कडेच्या प्लॅस्टिक क्लिपांवर बसलेले असते. स्क्रू हँडलमागे किंवा हात टेकण्याच्या खाचेत छोट्या झाकणाखाली दडलेले असतात. पॅनेल अडले, तर जोर लावण्याआधी राहिलेला स्क्रू शोधावा. क्लिपेच्या अगदी जवळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून पॅनेल उचलावे. पेचकसाने रंग खरवडतो. बटणांच्या वायरी आतून जोडलेल्या असल्याने झटका देऊ नये. मागे पत्र्यावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. काचेवरून दारात उतरलेले पावसाचे पाणी तो आत येऊ देत नाही. तो फाटका राहिला, तर पावसाळ्यात पायाखालचा गालिचा भिजतो.

पुढच्या काचेशेजारील खांबाचे आवरण याहून जोखमीचे. हल्ली डॅशकॅमची वायर त्याच्याआड नेतात. अनेक गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग छताच्या कडेने या खांबापर्यंत घडी घालून ठेवलेली असते. अपघातात ती क्षणार्धात उघडते. तेव्हा आवरण बाजूला सरावे, पण सुटून प्रवाशाच्या अंगावर उडू नये, म्हणून कित्येक गाड्यांत त्याला धरून ठेवणारी खास क्लिप असते. ती अनेकदा एकदाच वापरायची असते. त्याजागी बाजारातली साधी क्लिप चालत नाही. वायरही एअरबॅगच्या मागून न्यावी, समोरून नव्हे. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण बाजू सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना जाणकारानेच हात लावावा.

बँकेत रोकड जुळल्याशिवाय दिवसाचे काम संपत नसे. तोच नियम येथे लावावा. काढलेले स्क्रू व क्लिपा एका वाटीत ठेवून मोजाव्यात. तुटलेल्यांच्या जागी नव्या घ्याव्यात. पॅनेल दाबून बसवण्यापूर्वी काच, कुलूप आणि दिवे चालवून पाहावेत. वाटीत एकही स्क्रू उरला, तर आवरण पुन्हा उतरवावे. काम कारागिराने केले असेल, तर गाडी ताब्यात घेताना आपण त्याला एवढेच विचारावे : खांबाची क्लिप नवी घातली का, आणि जुनी कुठे आहे? त्या खांबाशेजारी घरातलेच कुणीतरी बसणार असते.