वीस बाळंतपणांचा हिशेब : नर्सिंगच्या मुलींना लेबर रूममध्ये नेमकं काय मिळतं?

बारावीचा निकाल लागला की खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातल्या घरांत नर्सिंगच्या ऍडमिशनची बोलणी सुरू होतात. फी किती, हॉस्टेल कसं आहे, पुढे आखातात किंवा लंडनला जाता येईल का, हे सगळं विचारलं जातं. मुलीला शिकताना स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं करायला मिळतील, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता एकटी असताना तिला त्याचाच आधार असतो.

जीएनएमच्या नावातच मिडवायफरी आहे. तीन वर्षांचा हा कोर्स पूर्ण करणाऱ्या मुलीची नोंदणी दुहेरी होते, परिचारिका म्हणून आणि प्रसाविका म्हणूनही. त्यासाठी तिला केसबुक भरावं लागतं. जीएनएमच्या अभ्यासक्रमाप्रमाणे 30 गरोदर महिलांची तपासणी, 20 नॉर्मल प्रसूती स्वतः करणं, 20 बाळंतिणींची देखभाल, शिवाय टाके घालणं, न रडलेल्या बाळाला श्वास देणं, अशी ही यादी आहे. कागदावर ती चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही.

अडचण गणिताची आहे. एका वर्गात 40 मुली धरल्या तर नुसत्या त्यांच्यासाठी 800 नॉर्मल बाळंतपणं लागतात. त्याच दवाखान्यात बीएस्सी नर्सिंगची तुकडी असते, मेडिकल कॉलेज जोडलेलं असेल तर एमबीबीएसचे विद्यार्थी, इंटर्न आणि पीजी डॉक्टरही असतात. एक बाई कळा देत असते आणि पायथ्याशी सात-आठ जण उभे असतात. बाळाचं डोकं दिसू लागलं की पुढे कोण होणार, हे ठरलेलंच असतं. नर्सिंगची मुलगी ट्रे धरते, बाळ पुसते, वजन करते. केसबुकात मात्र कित्येकदा ती प्रसूती ‘केली’ अशी नोंद होते. एकच बाळंतपण तीन वह्यांत तिघींच्या नावावर चढतं. हे लेबर रूममध्ये सगळ्यांना माहीत असतं आणि परीक्षेला आलेल्या बाईंनाही ते नवीन नसतं.

त्यात नॉर्मल बाळंतपणांचा वाटाच घटतो आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2015-16 आणि 2019-21 या दोन फेऱ्यांत सिझेरियनचं प्रमाण कर्नाटकात 23.6 वरून 31.5 टक्क्यांवर गेलं, महाराष्ट्रात 20.1 वरून 25.4 वर, गोव्यात 31.4 वरून 39.5 वर. तेलंगणात तर ते 60.7 टक्के आहे. सिझरवर बोलताना आईच्या पोटावरचा व्रण आणि बिलाचा आकडा यांची चर्चा होते, ती योग्यच. पण जिथे दहातल्या सहा जणींचं सिझर होतं तिथे शिकणाऱ्या मुलीने वाट पाहायला शिकायचं कुठून? कळा मंद आहेत पण बाळाचे ठोके ठीक आहेत, अजून थांबता येईल, ही समज पुस्तकातून येत नाही. बाईजवळ रात्रभर बसून, अर्ध्या तासाने ठोके मोजून, पार्टोग्राफ भरून ती येते. बाळं बहुतेक वेळा ड्युटीची वेळ पाहून येत नाहीत, आणि मुलींची पोस्टिंग दिवसपाळीची असेल तर रात्रीचा अनुभव तसाच हुकतो.

बेळगावात याच कामाचा एक मोठा दाखला घडलेला आहे, त्याची आठवण इथेच कमी काढली जाते. 2002 ते 2005 या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 1,620 बाळंतिणींवर एक अभ्यास झाला. बाळंतपणं करणाऱ्या होत्या एएनएम सिस्टर, डॉक्टर नव्हे. बाळ जन्मल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर जादा रक्तस्राव होणाऱ्या बायकांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर येतं, हे त्यातून दिसलं. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध अत्यावश्यक यादीत घेतलं. रक्त मोजायला बाईच्या अंगाखाली घालायचं प्लास्टिकचं कापड वापरलं होतं, त्याला खाली मिलिलिटरच्या खुणा असलेली निमुळती पिशवी. डोळ्यांनी अंदाज केला की रक्त नेहमी कमीच वाटतं, चादरीत मुरलेलं दिसत नाही. 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत अशीच मापाची पिशवी आणि तातडीचे उपचार एकत्र वापरून गंभीर रक्तस्राव व त्याचे परिणाम 60 टक्क्यांनी कमी झाल्याचं सिद्ध झालं. दोन्हीकडे काम केलं ते मुख्यतः नर्स आणि प्रसाविकांच्या हातांनी.

सीमाभागातल्या मुलीला आणखी एक विषय शिकावा लागतो, जो वेळापत्रकात नाही. पुस्तकं इंग्रजीत, मैत्रिणींशी बोलणं मराठीत, आणि समोरची बाई कन्नड किंवा दखनी बोलणारी. ‘हेरिगे’ म्हणजे बाळंतपण, ‘नोवु’ म्हणजे कळ, एवढं आठवडाभरात येतं. पण मराठी बाई ‘अंगावरून जातंय’ म्हणते, ‘पाणी गेलं’ म्हणते, तसे प्रत्येक भाषेतले आडून बोलण्याचे शब्द असतात आणि धोक्याची खूण नेमकी त्यातच असते. हे एकाच बाजूचं दुखणं नाही. सांगली किंवा सोलापुरात मराठीत शिकलेल्या मुलीची नेमणूक जत नाहीतर अक्कलकोट तालुक्यात झाली की तिच्यासमोर कन्नड बोलणारी बाळंतीण असते. भाषेच्या भांडणात दोन्ही राज्यांचे नेते बोर्डांवर बोलतात. लेबर रूमसाठी दोन-तीनशे वाक्यांची एक साधी पुस्तिका मात्र दोन्हीकडच्या कॉलेजांनी मुलींच्या हातात ठेवायला हरकत नव्हती.

सरकारचा विचार दुसऱ्या दिशेने चालला आहे. डिसेंबर 2018 मध्ये केंद्राने मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अनुभवी नर्सना 18 महिन्यांचं जादा प्रशिक्षण देऊन नॉर्मल बाळंतपणं त्यांच्याकडे सोपवायची, गुंतागुंत झाली तर डॉक्टर, अशी ती योजना. तेलंगणाने हा प्रयोग त्याआधीच सुरू केला होता, त्यामुळे हैदराबादच्या मराठी घरांतल्या मुलींना हा रस्ता जवळचा आहे. योजना चांगली आहे, पण तिचा पाया कच्चा राहतो आहे. ज्या मुलीने शिकताना धड दहा बाळंतपणंही स्वतः केली नाहीत, तिला दोन-चार वर्षांनी दीड वर्षाच्या कोर्सला बसवून पहिल्यापासून शिकवावं लागणार. 2023 मध्ये 1947 चा जुना कायदा बाजूला करणारा राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला. त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ती नीट चालली तर कर्नाटकात शिकून महाराष्ट्रात नोकरी धरणाऱ्या मुलींची एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे एनओसीसाठी होणारी धावपळ कमी होऊ शकेल. केसबुकातली नोंद खरी की उसनी, हे मात्र नोंदवही सांगणार नाही.

माता मृत्यूचं प्रमाण 2018-20 च्या आकड्यांप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात 33, तेलंगणात 43, कर्नाटकात 69, मध्य प्रदेशात 173 आहे. हा फरक फक्त नर्सिंगच्या शिक्षणाचा नाही. रस्ते, रक्तपेढी, बाईच्या अंगातलं रक्त, लग्नाचं वय, सगळंच त्यात येतं. पण यातली रक्तस्रावाची वेळ पहिल्या तासाची असते आणि त्या तासाला खाटेजवळ बहुतेक ठिकाणी सिस्टरच असते.

यंदा कॉलेज बघायला जाणाऱ्या पालकांनी इमारतीबरोबर दवाखान्याचं लेबर रूमचं रजिस्टरही विचारावं. महिन्याला नॉर्मल बाळंतपणं किती होतात आणि ती किती विद्यार्थ्यांत वाटली जातात? नाईट पोस्टिंग आहे का? ग्रामीण केंद्रावर मुलींना किती आठवडे पाठवतात? मागच्या बॅचच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं तरी चालेल. केसबुक कसं भरलं, हे ती पाच मिनिटांत सांगते.