‘तीनशे पुरे’ म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर

न्यू जर्सी असो की क्वीन्स, आपल्या बऱ्याच घरांच्या बेसमेंटमध्ये बिस्किटांचा एखादा जुना डबा असतो. त्यात मुंबईहून, अलिबागहून आणलेल्या निगेटिव्ह असतात. मुले आता हौसेने त्या स्कॅन करून घेतात, हे उत्तमच. आमचे भांडण आहे ते ‘३०० डीपीआय पुरे, छपाईला तेवढेच लागतात’ या वाक्याशी.

छपाईला ३०० लागतात, हे खरे. पण ते कागदाच्या प्रत्येक इंचाला. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट आहे २४ बाय ३६ मिमी, म्हणजे जेमतेम दीड इंच लांब. ती ३०० वर स्कॅन केली तर हाती येतात साधारण २८३ बाय ४२५ ठिपके. नीट छापायचे तर फोटो निगेटिव्हएवढाच होणार!

आम्हीही फसलो. घरातल्या एका मेंदीच्या रात्रीची पट्टी ३०० वर करून घेतली. फोनवर झकास दिसली. ८ बाय १२ इंच छापली, तेव्हा नवरीचा चेहरा कसाबसा ओळखू आला आणि मागची रांग पुसल्यासारखी. निगेटिव्ह टाकली नव्हती म्हणून वाचलो. तीच पट्टी ३००० वर पुन्हा केली. मलिद्याचे ताट स्पष्ट झाले, आणि मागच्या रांगेतल्या एका बाईंना आमच्या आत्याने चटकन नावाने ओळखले.

हा हौसेचा प्रश्न नाही. १९४८ नंतर आपली माणसे इस्रायलला गेली, पुढे कोणी अमेरिकेत आले. कित्येकांचा एकुलता एक फोटो म्हणजे दुसऱ्या कुणाच्या लग्नातली मागची रांग. ती रांग गेली, की माणूस गेला.

हिशेब सोपा आहे. आधी ठरवा, फोटो केवढा छापायचा. १२ इंच गुणिले ३०० म्हणजे ३६०० ठिपके. त्यांना निगेटिव्हच्या १.४२ इंचांनी भागा. आले सुमारे २५४०. म्हणून ३५ मिमीला ३०००, आणि एखादा चेहरा कापून मोठा करायचा असेल तर ४०००. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००४ च्या मार्गदर्शिकेत ३५ मिमीसाठी सुमारे २८०० सांगितले, तेही याच हिशेबाजवळचे. आग्फा क्लिकसारख्या कॅमेऱ्याची चौकोनी निगेटिव्ह ५६ मिमीची असते. तिला १२ इंचांच्या फोटोसाठी १७०० पुरतात.

उलट टोकही नको. खोक्यावर ९६०० लिहिलेले असते, पण भिंगाला दिसत नाही ते ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. फाइल फुगते, चेहरा तोच राहतो. दुकानदाराला ‘ऑप्टिकल किती?’ हेच विचारा.

‘पैसे जास्त पडतात’ म्हणाल, तर सगळा डबा देऊ नका. प्रकाशासमोर पट्ट्या धरून वीस चौकटी निवडा, त्या नीट करा. मूळ फाइल जपा, व्हॉट्सॲपवर तिची छोटी प्रत पाठवा. आणि काम झाले की निगेटिव्ह मोजून परत घ्या. डबा बेसमेंटच्या ओलीत नको, वर कोरड्या, थंड कपाटात ठेवा. आज चुकले तरी उद्या पुन्हा स्कॅन करता येईल.